धरणावर काय दिसलं नाही? पक्षीनिरीक्षण आणि अभावाचं ज्ञान



आजचा विषय पक्ष्यांचा, आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. तेव्हा आधीच एक कबुली देऊन टाकतो. पक्षीशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. पक्षी बघायला लागलो तेच पन्नाशी उलटल्यावर, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून. आता पंचाहत्तरी जवळ आली आहे. या वीस-बावीस वर्षांत आम्ही पक्ष्यांविषयी जे शिकलो, त्यापेक्षा आपल्या स्वतःच्या पाहण्याविषयी जास्त शिकलो. त्यातली एकच गोष्ट आज सांगायची आहे. पक्षी दिसला नाही, असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला नेमकं काय कळलेलं असतं?

रत्नागिरीत आमचा पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे. त्याची नोंदणी नाही, त्याला अध्यक्ष नाही, वर्गणीसुद्धा नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, बँकेतले एक गृहस्थ आहेत, एक आंबा बागायतदार, कॉलेजची दोन-तीन मुलं आणि आम्ही. महिन्यातून एका रविवारी पहाटे मारुती मंदिरापाशी जमायचं, जवळपासच्या एखाद्या पाण्यावर जायचं आणि उन्हं तापायच्या आत घरी परतायचं, एवढाच कार्यक्रम. जानेवारीतल्या अशाच एका रविवारची ही हकीकत. जानेवारीच का, तर थंडीचे पाहुणे पक्षी तेव्हा आलेले असतात. आशियातल्या पाणपक्ष्यांची गणनाही १९८७ सालापासून दर जानेवारीत होते, आणि आपल्या देशात अनेक हौशी मंडळी तिच्यात भाग घेतात.

आम्ही गेलो शीळच्या आणि पानवलच्या धरणावर. रत्नागिरीकरांना ही नावं पक्ष्यांमुळे माहीत नसतात, नळामुळे माहीत असतात. आज नळाला पाणी का आलं नाही, या प्रश्नाचं उत्तर देताना ती ऐकू येतात. बाहेरगावच्यांनी पानवल हे नाव ऐकलं असेल ते कोकण रेल्वेमुळे. पानवल नदीवरचा तो चौसष्ट मीटर उंचीचा पूल प्रसिद्ध आहे.

इथे थोडा भूगोल सांगायला हवा, कारण पुढचा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात वाड्यावाड्यांतून टँकर फिरतात. जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही, उतार तीव्र आहेत, समुद्र हाकेच्या अंतरावर. म्हणून दोन डोंगरांमधली घळ अडवून धरणं बांधली. अशा धरणाचे काठ उभे असतात. पाणी काठापासूनच खोल, आणि काठावर थेट झाडी. घाटावर उजनी किंवा जायकवाडी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना फरक लगेच कळेल. तिथे पाणी ओसरलं की मैलोनमैल उथळ चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलावर रोहित, शराटी, तुतारी, शेकड्यांनी बदकं. आमच्याकडे चिखलच नाही, तर चिखलातलं खाणारे पक्षी कुठून येणार? त्यामुळे घाटावरचे पाहुणे आले की शीळच्या भिंतीवर उभे राहून पहिलं वाक्य म्हणतात, ‘इथे तर काहीच नाही!’

हे ‘काहीच नाही’ आज आपल्याला तपासायचं आहे.

त्या दिवशी सातच्या सुमारास आम्ही शीळला पोचलो. सूर्य उगवायचा होता. पाण्यावर धुकं इतकं, की समोरचा काठ सोडाच, पन्नास-साठ पावलांपलीकडचं पाणीही दिसेना. जवळ एक छोटा पाणकावळा पंख पसरून बसलेला होता. एक ढोकरी होती, तुम्ही तिला वंचक म्हणत असाल. मागे झाडीत पांढऱ्या छातीची पाणकोंबडी ओरडत होती. वीस मिनिटं उभे राहिलो. कॉलेजच्या मुलाकडे वही होती. तो अकरावीत आहे, हुशार आहे आणि थोडा घाईचा. त्याने विचारलं,

‘‘सर, अडई शून्य लिहू?’’

अडई म्हणजे शीळ घातल्यासारखा आवाज करणारं लहान, तपकिरी बदक. आमच्या भागात ते दिसतं आणि आम्ही त्याचीच वाट बघत होतो. आम्ही उत्तर देणार इतक्यात वरच्या वाटेने म्हशी घेऊन चाललेले एक बाबा थांबले. आम्ही काय बघतोय ते त्यांना मुलाने सांगितलं. ते म्हणाले, ‘‘काल सांजच्याला व्हती बरीच. धुकं जाऊ दे, मंग बगा.’’

पक्षीनिरीक्षणातलं निम्मं शास्त्र बाबांनी या तीन वाक्यांत सांगितलं आणि म्हशींच्या मागे निघून गेले. साडेआठच्या आसपास धुकं उठलं. पलीकडच्या काठाला, पाण्यावर वाकलेल्या झुडपांच्या सावलीत, अडया बसलेल्या होत्या. बाईंनी मोजल्या सत्तावीस, आम्ही मोजल्या पंचवीस. मुलाने सातला शून्य लिहिलं असतं, तर ते चूक ठरलं असतं.

आता जरा शास्त्राकडे वळू. हा प्रश्न आपल्या परंपरेत फार बारकाईने चर्चिला गेला आहे.

समोरच्या जमिनीवर घडा नाही. हे मला कळलं. पण कसं कळलं? घडा असता तर डोळ्यांचा त्याच्याशी संबंध आला असता. जो घडाच नाही, त्याच्याशी डोळ्यांचा संबंध कसा येणार? सातव्या शतकातले कुमारिल भट्ट आणि त्यांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, डोळ्यांना दिसते ती फक्त मोकळी जमीन. घडा ‘नाही’ हे कळतं ते एका वेगळ्याच साधनाने, आणि त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. प्रत्यक्ष, अनुमान यांच्यासारखंच हेही एक स्वतंत्र प्रमाण. अद्वैत वेदान्त्यांनीही हे मानलं. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, कशाला आणखी एक प्रमाण वाढवता? घड्याचा अभावही प्रत्यक्षानेच कळतो, जमिनीचं एक विशेषण म्हणून कळतो. हा वाद शेकडो वर्षं चालला.

पण एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे, आणि आमच्यासारख्या धरणावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तीच महत्त्वाची. नुसतं न आढळणं पुरेसं नाही. ते ‘योग्य’ अनुपलब्धी असायला हवं. म्हणजे काय? ती वस्तू तिथे असती तर ती मला दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये आडोसा नको, आणि वस्तू मुळात दिसण्याजोगी हवी. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनेही हाच भेद केला आहे. जे दिसण्याजोगं आहे ते दिसलं नाही तर ‘नाही’ असा निश्चय करता येतो. पण पिशाच्चासारखी वस्तू, जी असली तरी दिसणारच नाही, ती दिसली नाही यावरून फार तर संशय घेता येतो, निश्चय नाही.

आता पुन्हा धरणावर चला. धुक्यातली अडई ही अंधाऱ्या खोलीतल्या घड्यासारखी. त्यात अडईची सवय अशी, की ती बरंचसं खाणं रात्री उरकते आणि दिवसा काठाच्या आडोशाला विसावते. म्हणजे धुकं नसतं तरीसुद्धा उघड्या पाण्यावर ती नाही, एवढ्यावरून धरणावर ती नाही असं म्हणता आलं नसतं. झाडीतली पाणकोंबडी ही जवळजवळ पिशाच्चच समजा. ओरडली नसती तर तिचा पत्ताच लागला नसता. आणि टिबुकली? ती उघड्यावर पोहते, पण बुडी मारते. इथे बुडते, तिथे निघते. एकच टिबुकली तीनदा मोजली जाते, किंवा तिन्ही पाण्याखाली असताना आपण दुर्बीण फिरवतो आणि शून्य लिहितो. म्हणून आमच्या गटाचा नियम असा, की तेच पाणी शांतपणे तीन-चारदा नजरेखालून घालायचं आणि एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तितक्याच लिहायच्या. याचा अर्थ, कमीत कमी इतक्या होत्या. जास्तीचा दावा करायचा नाही.

प्रत्येक पक्ष्याची ‘योग्यता’ अशी वेगळी. हे लक्षात आलं की एकाच सकाळच्या ‘दिसला नाही’ या नोंदींचं वजनही पक्ष्यागणिक वेगळं ठरतं.

शास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी अभ्यासाला घेतला असेल त्यांना ते पाठ असतील. आम्ही वर्गात ते वर्षानुवर्षं घडा आणि वस्त्र घेऊन शिकवले, मुलं वर्षानुवर्षं जांभया देत राहिली. पक्षी घेऊन शिकवायला हवे होते. पहिला प्रागभाव, म्हणजे होण्यापूर्वीचा अभाव. सप्टेंबरात आमच्याकडे पांढरा धोबी नाही, कारण तो अजून यायचा आहे. शास्त्री मंडळी इथे हरकत घेतील की धोबी तर उत्तरेकडे कुठेतरी आहेच, प्रागभाव फार तर त्याच्या इथल्या येण्याचा. हरकत मान्य. दुसरा प्रध्वंसाभाव, नाश झाल्यानंतरचा अभाव. याच्याकडे आपण थोड्या वेळाने येणार आहोत. तिसरा अत्यंताभाव, जे तिथे कधीच नव्हतं आणि असणारही नाही. शीळच्या धरणावर पेंग्विन. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे. टिबुकली म्हणजे बदक नव्हे. नवीन माणूस पक्षी ओळखायला शिकतो तेव्हा तो मुख्यतः हा चौथा अभाव शिकत असतो. चोच चपटी नाही, टोकदार आहे, म्हणून हे बदक नव्हे. ओळखणं हे अर्धं-अधिक ‘हे नव्हे’ म्हणण्याचंच काम असतं.

सबब, ‘नाही’ हा एक शब्द चार ठिकाणी चार गोष्टी सांगतो. येणार आहे, होता पण गेला, कधीच नव्हता, आणि हा तो नव्हे. आमच्या वहीत मात्र या सगळ्यांसाठी एकच चिन्ह होतं, कोरी जागा.

आता एक मोठं उदाहरण सांगतो, आपल्याच महाराष्ट्रातलं. रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड आहे. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ सालचा. त्यानंतर तो कुणाला सापडेना. वर्षं लोटली, आणि पक्षी बहुधा नामशेष झाला असं धरून चालले. मध्ये एक नमुना १९१४ साली गुजरातेत मिळाला, असं रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने दाखवलं होतं. तो माणूस पक्षीसंग्राहक म्हणून नावाजलेला. पुढे उघड झालं की तो नमुना चोरलेला होता, जुन्याच नमुन्याला नवी चिठ्ठी लावलेली होती. अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा माग काढला. खोटी नोंद बाजूला केली, खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा कोणत्या ते पाहिलं, आणि सहकाऱ्यांसह त्या दिशेने शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उजेडात, रानपिंगळा समोर बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो मेळघाटातही आढळला, आणि मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

या प्रकरणात दोन वेगवेगळ्या चुका आहेत, त्या आपण निरखून पाहू. एक, नोंद नाही म्हणून पक्षी नाही असं समजणं. दोन, जे नव्हतं ते होतं असं लिहिणं. पहिली चूक आळसाची, दुसरी अप्रामाणिकपणाची. आणि दोन्हींची किंमत पक्ष्याला चुकवावी लागते, कारण पक्षी आहे हेच माहीत नसेल तर त्याचं रान राखणार कोण?

आपण म्हणाल, हे मोठ्या लोकांचं झालं. आमच्यासारख्या रविवारच्या माणसांचा याच्याशी काय संबंध? तर आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगायला आनंद होत नाही.

शहराच्या कडेला एक लहान तळं होतं. नाव सांगत नाही. पावसात भरायचं, फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकायचं. आमच्या चालण्याच्या वाटेवरच होतं ते, आठवड्यातून तीनदा तरी आम्ही तिथून जायचो. दोन-चार टिबुकल्या, एखादा कमळपक्षी, गायबगळे, टिटव्या, खंड्या. नेहमीचंच सगळं. ‘विशेष काही नाही’ असं म्हणून आम्ही पुढे चालायला लागायचो. वही होती खिशात, पण वहीत काय लिहायचो? जे नवीन दिसेल ते, दुर्मिळ दिसेल ते, मित्रांना फोन करून सांगण्याजोगं असेल ते. कुठे धनेश दिसला, लिहिलं. समुद्रावर पांढऱ्या पोटाचा गरुड दिसला, लिहिलं. तळ्यावरची टिबुकली काय लिहायची!

एक दिवस ते तळं बुजवण्याचं चाललंय असं कानावर आलं. काही तरुण मंडळी धडपडत होती. ती आमच्याकडे आली. ‘‘सर, तुम्ही इतकी वर्षं पक्षी बघताय. या तळ्याच्या नोंदी द्या, आम्ही अर्जाला जोडतो.’’ आम्ही वह्या काढल्या. एकोणीस वह्या. तळ्याचं नाव सगळ्या मिळून तीनदा आलं होतं, तेही वाट सांगताना, की तळ्यापुढच्या वडावर हळद्या दिसला. पुढे बैठकीत कुणीतरी म्हणालं, की इथे पक्षी असल्याची काही नोंदच नाही. त्या माणसाचं वाक्य खोटं नव्हतं. नोंद नव्हतीच. आम्ही केली नव्हती.

तळं आता नाही. आमच्या नोंदी असत्या तर ते वाचलं असतंच, असा दावा आम्ही करत नाही, अशा गोष्टींत कारणं पुष्कळ असतात. पण त्या बैठकीत ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘पक्षी नाहीत’ असा लावला गेला, आणि तो लावायला वाव आम्ही दिला. हा तो प्रध्वंसाभाव, ज्याच्याकडे येऊ म्हटलं होतं. आज तिथे टिबुकली नाही हे सांगता येतं. पण काल ती होती, हे दाखवायला कागद नाही, आणि म्हणून ती गेली असंही सिद्ध करता येत नाही.

नोंदीचा अभाव आणि अभावाची नोंद, या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात. वहीच्या पानावर दोन्ही कोऱ्याच. पण नोंदीचा अभाव म्हणजे आम्हाला माहीत नाही, आणि अभावाची नोंद म्हणजे आम्ही नीट पाहिलं आणि नाही हे आम्हाला माहीत आहे. पहिलं अज्ञान, दुसरं ज्ञान. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला हे साठी ओलांडल्यावर एका बुजलेल्या तळ्याने शिकवलं.

आता, अभावाची नोंद करायची कशी? याची पद्धत आज तयार आहे आणि ती अवघड नाही.

जगभरचे हौशी पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी ई-बर्ड नावाच्या व्यवस्थेत भरतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने ती २००२ साली सुरू केली. यादी भरताना ती शेवटी एक प्रश्न विचारते, की तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? उत्तर ‘हो’ असेल तर ती पूर्ण यादी. या ‘हो’मध्ये गंमत आहे. तुम्ही कावळा, साळुंकी, घार सगळं लिहिलं आहे असं एकदा सांगितलंत, की जे यादीत नाही ते तुम्हाला आढळलं नाही, हेही आपोआप नोंदलं जातं. न लिहिलेलं बोलायला लागतं. शिवाय वेळ किती, अंतर किती, माणसं किती, हेही ती विचारते. म्हणजे आपल्या शास्त्रकारांनी योग्यतेसाठी जो उजेड आणि डोळे मागितले, त्यांचाच हिशेब.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ साली निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. तुमच्या-आमच्यासारख्या रविवारच्या माणसांच्या नोंदींवर. त्यात १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं म्हटलं आहे. एखादा पक्षी कमी होतोय हे ते कसं ठरवतात? सोपं करून सांगतो, आकडे आमच्या मनचे. पूर्वी शीळच्या चाळीस पूर्ण याद्यांपैकी तीस याद्यांत अडई होती, म्हणजे शंभरात पंच्याहत्तर. आता चाळीसपैकी दहांतच आहे, म्हणजे शंभरात पंचवीस. काहीतरी झालं आहे. पण हे कळलं ते त्या तीस ‘नाही’वाल्या याद्यांमुळे. त्या याद्या कुणी भरल्याच नसत्या, ‘आज काही विशेष नाही’ म्हणून वही मिटली असती, तर उरलेल्या दहाच्या दहा याद्यांत अडई दिसली असती, आणि सगळं उत्तम चाललंय असं वाटलं असतं!

दुसरी गोष्ट, एका फेरीतल्या शून्यावर विसंबायचं नाही. समजा अडई धरणावर आहेच, पण एका फेरीत ती आपल्याला दिसण्याची शक्यता निम्मी आहे. एकदा गेलो आणि दिसली नाही, तर चुकण्याची शक्यता निम्मी. दोनदा गेलो, पाव. तीनदा, एक अष्टमांश. चारदा गेलो आणि चारही वेळा दिसली नाही, तर सोळात एक, म्हणजे शंभरात साधारण सहा. दर फेरीचे शून्य आपल्याला निश्चयाच्या जवळ नेतं, पूर्ण निश्चय मात्र कधीच देत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञांनी या विचाराचं रीतसर गणित २००२ सालानंतर विकसित केलं, एकाच जागी वारंवार जाऊन ‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’ वेगळे कसे काढायचे त्याचं. कुमारिलांना ते आवडलं असतं असं आम्हाला वाटतं.

त्या रविवारची हकीकत अर्धी राहिली, ती पुरी करू.

शीळहून निघालो. वाटेत गाडीच्या बॉनेटवर डबे उघडले. घावन आणि चटणी, थर्मासातला चहा. पानवलला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आकाश निवळ, वारा पडलेला, पाणी आरशासारखं. आम्ही पाण्याचे खुणेने तीन भाग पाडले, एक खडक आणि एक वाळकं झाड यांच्या आधाराने. प्रत्येक भाग दोघांनी पाहायचा, मग अदलाबदल. काठावरच्या झुडपांखालच्या सावल्या मोठ्या दुर्बिणीने एकेक करून पाहिल्या. चाळीस मिनिटं. दोन पाणकावळे, एक कवड्या खंड्या पाण्यावर थबकून सूर मारणारा, काठावर शेपटी हलवणारा एक तुतवार, वर ब्राह्मणी घार. अडई नाही. टिबुकलीही नाही.

मुलगा वही घेऊन उभा होता. या वेळी त्याने विचारलं नाही. म्हणाला,

‘‘सर, इथे मात्र शून्य लिहितो. धुकं नाही, सावल्या पाहिल्या, सगळ्यांनी दोनदा पाहिलं. असती तर दिसली असती.’’

असती तर दिसली असती. योग्य अनुपलब्धीची व्याख्या चाळीस वर्षं फळ्यावर लिहूनही आम्हाला इतकी सोपी कधी लिहिता आली नव्हती. त्याने लिहिलं: पानवल, साडेनऊ ते दहा वाजून दहा मिनिटं, सहा माणसं, अडई शून्य, टिबुकली शून्य. आणि शीळच्या पानावर: सात ते साडेआठ धुकं, या वेळेतलं ‘नाही’ धरू नये, साडेआठनंतर अडई किमान पंचवीस. पंचवीस की सत्तावीस यावर आमच्यात आणि बाईंच्यात थोडी चकमक झाली. शेवटी दोघांनाही खात्रीने मान्य होती ती लहान संख्या लिहिली.

आपल्यापैकी कुणाला हे सुरू करायचं असेल तर चार गोष्टी पुरेत. जागा एकच धरा, घराजवळची, आणि तिथे पुन्हापुन्हा जा. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा. ओळखता आलेलं सगळं लिहा, कावळ्यासकट, आणि जे ओळखता आलं नाही ते ‘ओळखलं नाही’ असं लिहा. चौथी गोष्ट, दृष्टीच्या आड काय आलं तेही लिहा. धुकं, लाटा, उन्हाची तिरीप, वरातीतला डीजे, काहीही. पक्ष्यांची नावं मराठीतच लिहिलीत तरी चालेल. मारुती चितमपल्लींनी पक्षिकोशात ती जमवून ठेवली आहेत. फक्त एका पक्ष्याला एकच नाव वर्षभर वापरा.

शेवटी एक प्रश्न, जो आम्हाला नेहमी विचारला जातो आणि इथेही कुणाच्या तरी मनात असेल. ‘सर, इतकं नाही-नाही लिहीत बसायचं, तर पक्षी बघण्यातला आनंद कुठे राहिला?’

प्रश्न योग्य आहे. उत्तर असं, की आधी आम्ही पानवलसारख्या सकाळी कंटाळून परत यायचो. आता येत नाही. रिकामं पाणी चाळीस मिनिटं लक्षपूर्वक पाहिलं की ते रिकामं वाटत नाही. आणि दुसरं, ते तळं आमच्या मनातून जात नाही. उद्या पानवलविषयी कुणी विचारलं, की इथे काय होतं आणि काय नव्हतं, तर या वेळी आमच्याकडे कागद असेल. त्यावर शून्यं पुष्कळ असतील. पण ती आम्ही पाहून लिहिलेली असतील.

पुढची फेरी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी. मारुती मंदिर, सकाळी सव्वासहा. दुर्बीण नसली तरी या, वही मात्र आणा.